संगणक बदलला, तरी अक्षर टिकले पाहिजे



शाळेची स्मरणिका, स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका, गणेशोत्सवाचा फलक, गुणगौरव समारंभाची प्रमाणपत्रे ही सारी कामे आपण वर्षानुवर्षे विंडोजच्या संगणकावर करत आलो आहोत. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे विनामूल्य सुरक्षा-सुधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी जुनी यंत्रे त्या यादीत बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स घालणे हा कमी खर्चाचा आणि समजूतदार उपाय आहे. काही घरांत मुलांसाठी मॅकही आला आहे. मग पहिला प्रश्न ठरलेलाच असतो : "आमचे पेजमेकर आणि कोरलड्रॉ यावर चालेल का?"

या पाठात आपण त्याच प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत. उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक वेळा काही ना काही वाट निघते. पण प्रोग्राम चालला म्हणजे काम झाले असे नाही. त्या फाइलींत आपले मराठी कोणत्या रूपात साठवले आहे, यावर खरे यश अवलंबून आहे.

एकीकडचा प्रोग्राम दुसरीकडे का चालत नाही?

कोणताही प्रोग्राम पडद्यावर स्वतः रेघ काढत नाही, की छपाईयंत्राशी स्वतः बोलत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमला विनंती करतो : "मला एक चौकट उघडून दे", "ही फाइल वाच", "हे अक्षर या जागी दाखव". या विनंत्यांची नावे, क्रम आणि पद्धत प्रत्येक सिस्टिममध्ये वेगळी असते. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम विंडोजच्या भाषेत मागणी करतो. लिनक्सला ती भाषा कळत नाही. यंत्र तेच, प्रोसेसर तोच, वीजही तीच. अडते ते फक्त या बोलण्यावर.

आपल्या वेधशाळेचे उदाहरण घेऊ. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या सम्राट यंत्राची सावली आजही वेळ दाखवते, पण ती उज्जैनची स्थानिक वेळ असते. आपले घड्याळ ८२ अंश ३० कला रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ दाखवते, आणि उज्जैन साधारण ७५ अंश ४६ कला रेखांशावर आहे. फरक ६ अंश ४४ कलांचा. दर अंशाला ४ मिनिटे धरली, तर सुमारे २७ मिनिटे होतात. त्यात त्या दिवसाची, जास्तीत जास्त सोळा-एक मिनिटांची, दुरुस्ती धरली की सावली आणि घड्याळ जुळतात. यंत्रही बरोबर असते आणि घड्याळही बरोबर असते. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करायचे कोष्टक हाताशी लागते, इतकेच. संगणकाच्या बाबतीतही असे कोष्टक बनवता येते, आणि पुढच्या वाटांपैकी एक नेमकी त्यावरच उभी आहे.

चार वाटा

पहिली वाट : एकाच यंत्रावर दोन सिस्टिम. हार्ड डिस्कचे दोन भाग करून एकात विंडोज आणि दुसऱ्यात लिनक्स ठेवतात. यंत्र सुरू करताना कोणती हवी ते निवडायचे. प्रोग्राम पूर्ण वेगाने चालतो. मात्र एका वेळी एकच सिस्टिम वापरता येते आणि दर वेळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. शिवाय ज्या विंडोजचे सुरक्षा-सुधार थांबले आहेत, ते इंटरनेटला न जोडलेलेच बरे. मॅकबद्दल एक खबरदारी. २०२० च्या नोव्हेंबरपासून ॲपलने स्वतःच्या चिपा वापरायला सुरुवात केली. त्या चिपांच्या मॅकवर विंडोज बसवून देणारी जुनी बूट कॅम्प ही सोय मिळत नाही.

दुसरी वाट : संगणकात संगणक. व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्राम लिनक्सच्या पडद्यावरच एक खोटे यंत्र उभे करतो आणि त्यात विंडोज चालते. यंत्राची स्मरणशक्ती ८ जीबी असेल, तर तीन-चार जीबी पाहुण्याला देऊन उरलेली घरधन्याला ठेवायची. वेग थोडा कमी होतो, पण जुने पान उघडण्यास तो पुरतो. एक मोठी सोय म्हणजे हे सगळे खोटे यंत्र एका फाइलीत राहते, आणि तिची प्रत काढून जपता येते. आत चालणाऱ्या विंडोजचा परवाना मात्र इथेही लागतोच. विश्वस्तांनी ही गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी. चोरीच्या प्रतीवर शाळेचे काम उभे करू नये, कारण मुले पाठ्यपुस्तकापेक्षा आपल्या वागण्यातून अधिक शिकतात.

तिसरी वाट : दुभाषी. वाईन नावाचा मुक्त प्रकल्प १९९३ साली सुरू झाला. त्यात विंडोज नसतेच. विंडोजच्या प्रोग्रामने केलेली प्रत्येक विनंती वाईन ऐकतो, लिनक्सच्या भाषेत सांगतो आणि आलेले उत्तर परत पोचवतो. वर सांगितलेले कोष्टक ते हेच. पण विंडोजच्या विनंत्या हजारोंनी आहेत. वाईनची १.० ही पहिली पक्की आवृत्ती यायला २००८ साल उजाडले, म्हणजे पंधरा वर्षे गेली, यावरून कामाचा आवाका कळतो. कोणता प्रोग्राम वाईनमध्ये किती चालतो, याची यादी त्या प्रकल्पाने ठेवली आहे. तीत प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि गार्बेज असे दर्जे आहेत. आपल्या प्रोग्रामची नेमकी आवृत्ती त्या यादीत आधी पाहावी, मगच वेळ घालवावा. कधीकधी दुभाषी मूळ घरापेक्षा जुन्या माणसाला अधिक ओळखतो. आजच्या ६४ बिटी विंडोजवर जुने १६ बिटी प्रोग्राम मुळीच चालत नाहीत, पण वाईनमध्ये त्यांतले काही चालतात.

चौथी वाट : प्रोग्रामच बदलणे. छायाचित्रांसाठी गिम्प, रेखाटनासाठी इंकस्केप, पानांच्या मांडणीसाठी स्क्राइबस, यंत्रभागांच्या आराखड्यासाठी फ्रीकॅड. हे चारही प्रोग्राम लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर चालतात आणि विनामूल्य आहेत. हात बसायला वेळ लागतो. नव्या स्वयंपाकघरात डबे कुठे आहेत हे कळेपर्यंत सुगरणीलाही अडखळायला होतेच. पण एकदा हात बसला की पुढच्या वेळी सिस्टिम बदलली तरी प्रोग्राम आपल्यासोबत येतो.

पाचवी वाट म्हणजे कंपनीनेच आपला प्रोग्राम दुसऱ्या सिस्टिमसाठी काढणे. तिची आम्ही वेगळी गणती केली नाही, कारण ती आपल्या हातात नसते. कोरल कंपनीने २००० साली कोरलड्रॉची नववी आवृत्ती लिनक्ससाठी काढली होती, आणि तीसुद्धा वाईनच्याच आधाराने. पुढे ते काम चालू राहिले नाही. त्याच कंपनीने बराच काळ थांबवलेली मॅकची आवृत्ती २०१९ मध्ये पुन्हा आणली. पेजमेकर १९८५ साली मॅकवर जन्मला, १९८७ मध्ये विंडोजवर आला आणि २००१ मध्ये निघालेली सातवी आवृत्ती त्याची शेवटची ठरली. कंपन्या आपला नफा-तोटा पाहून निर्णय घेतात, आणि त्यात गैर काही नाही. पण आपल्या पन्नास वर्षांच्या स्मरणिका त्या निर्णयांवर टांगून ठेवणे हे मात्र आपल्या हिताचे नाही.

खरी अडचण अक्षरांची

समजा, पेजमेकरची जुनी फाइल कशीतरी उघडली. लिबर ऑफिसचा ड्रॉ हा प्रोग्राम २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली उघडू शकतो. पान उघडते, चौकटी दिसतात, चित्रेही बऱ्याच अंशी जागेवर येतात. आणि मजकुराच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. अनेक जण इथे घाबरतात आणि फाइल बिघडली असे समजतात. ती बिघडलेली नसते. हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ.

संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त क्रमांक कळतो. जुन्या संगणकात इंग्रजीचे क्रमांक ठरलेले होते, पण मराठीसाठी सर्वांनी मानलेले क्रमांक छपाईच्या प्रोग्रामांत नव्हते. म्हणून फाँट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर देवनागरीचे चित्र बसवले. मध्य प्रदेशातल्या टंकलेखकांना ठाऊक असलेला कृतिदेव फाँट पाहा. त्यात 'मराठी' हा शब्द टंकताना ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच कळा दाबतात. फाइलीतही हीच पाच इंग्रजी अक्षरे साठवली जातात. कृतिदेव फाँट हजर असेल, तर त्यांच्या जागी 'मराठी' दिसते. तो नसेल, तर खरे काय साठवले होते ते उघडे पडते. शिवाय प्रत्येक कंपनीची ही मांडणी वेगळी. एका फाँटमध्ये जी कळ 'क' काढते, तीच दुसऱ्यात भलतेच अक्षर काढते.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. ऑक्टोबर १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. देवनागरीची मांडणी करताना आपल्याच देशात तयार झालेल्या इस्की या संकेतप्रणालीचा आधार घेतला गेला. युनिकोडच्या मुख्य देवनागरी विभागात १२८ जागा आहेत. 'क' चा क्रमांक ०९१५ आहे, मग फाँट कोणताही असो, सिस्टिम कोणतीही असो, आणि संगणक उज्जैनचा असो की पुण्याचा.

एक हात, दोन सिस्टिम

इथे एका मराठी माणसाचे नाव विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. र. कृ. जोशी, म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी. जन्म १९३६, निधन २००८. ते कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनाकार होते. मुंबईच्या आयआयटीच्या औद्योगिक आरेखन केंद्रात त्यांनी शिकवले. पुढे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी संगणकासाठी भारतीय अक्षरे घडवली. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांचा. लिनक्ससाठी मुक्तपणे दिलेला 'रघु' हा फाँटही त्यांचाच.

एकाच हाताने दोन वेगळ्या सिस्टिमसाठी अक्षरे घडवली, आणि दोन्हीकडे 'क' चा क्रमांक एकच राहिला. म्हणून मंगलमध्ये लिहिलेला मजकूर रघुमध्ये, किंवा कोणत्याही युनिकोड फाँटमध्ये, तसाच वाचता येतो. वळण बदलते, शब्द बदलत नाही.

तरी एक सूचना देऊन ठेवतो. मंगल लिनक्ससोबत येत नाही. तो नसेल तर लिनक्स दुसरा फाँट लावतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी इकडेतिकडे सरकतात आणि सोळा पानांची पुस्तिका सतरा पानांची होते. म्हणून जे काम दोन्हीकडे करायचे, त्यात मुक्ता किंवा नोटो यांसारखे मुक्त परवान्याचे फाँट वापरावेत आणि फाइलीसोबतच ठेवावेत. काही युनिकोड फाँटांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दडलेले असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की ते दिसू लागतात, 'हिंदी' ठेवली की हिंदी वळण येते. आपल्यासारख्या हिंदी मुलखात राहणाऱ्यांनी ही निवड मुद्दाम तपासावी.

जुन्या फाइली सोडवण्याची रीत

संगणक-कक्षात आम्ही पाळतो तो क्रम असा.

१. मूळ फाइलीची प्रत काढायची आणि मूळ फाइलीला हात लावायचा नाही. सीडीवर असेल तर आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची, कारण सीडी कायम टिकत नाही.

२. फाइलीत कोणते फाँट आहेत, त्यांची नावे टिपून घ्यायची. हे फाँट हाती असतील, तर अर्धे काम झाले.

३. जुना प्रोग्राम दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाटेने चालवायचा आणि प्रत्येक पानाची पीडीएफ काढायची. यामुळे पान मूळ रूपात कसे दिसत होते, याची खात्रीची नोंद राहते. काही लिपी-सॉफ्टवेअरला डोंगल नावाची किल्ली लागते. ती यूएसबीची असेल, तर खोट्या यंत्राला जोडता येते. जुन्या रुंद पोर्टची असेल, तर नव्या संगणकात तिला जागाच नसते. म्हणून असे जुने यंत्र भंगारात देण्याआधी हे काम उरकून घ्यावे.

४. पीडीएफवर समाधान मानू नये. ती डोळ्यांना बरोबर दिसते, पण आतली अक्षरे जुन्याच क्रमांकांची असतात. तीत 'शिष्यवृत्ती' हा शब्द शोधला तर सापडत नाही. म्हणून मजकूर वेगळा काढून त्या त्या फाँटच्या रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणावा.

५. रूपांतर झाल्यावर दोघांनी बसून ताडून पाहावे. एकाने जुने पान मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने नव्यावर बोट ठेवावे. ऱ्हस्व वेलांटीकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या फाँटमध्ये ती अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, आणि या अदलाबदलीत ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. दुसरी जागा म्हणजे मराठीचा अर्धा 'ऱ'. हिंदीसाठी बनवलेले रूपांतरक इथे हमखास अडखळतात. मग समारंभात 'आचाऱ्यांना' दिलेले मानधन कागदावर 'आचार्यांना' दिलेले ठरते. स्वयंपाकी आणि गुरुजी यांच्यात फक्त एका रफाराचे अंतर आहे, म्हणून तपासणाऱ्याला मराठी नीट यायला हवे. हे काम यंत्र पूर्णपणे करू शकत नाही. ते आजी-आजोबा आणि आठवी-नववीची मुले मिळून उत्तम करू शकतात.

नवे काम कसे करावे?

मजकूर नेहमी युनिकोडमध्ये टंकावा. त्यासाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक शिकून घ्यावा. तो विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींत मिळतो आणि त्याची मांडणी वर्णमालेच्या क्रमाला धरून असल्याने मुलांना लवकर येते. मजकुराची साधी प्रत आणि मांडणीची फाइल वेगवेगळी ठेवावी. मांडणी पुन्हा करता येते, पण हरवलेला मजकूर पुन्हा लिहिता येत नाही.

पुस्तिकेसाठी स्क्राइबसची १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती वापरावी. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे नीट बसतात. त्याआधीच्या १.४ या पक्क्या आवृत्तीत ती तुटत असत, त्यामुळे 'स्क्राइबसमध्ये मराठी होत नाही' असे कोणी म्हणाले, तर त्यांनी कोणती आवृत्ती पाहिली होती ते विचारावे. छापखान्याला चार शाईंचे रंग लागतात आणि इंकस्केप मुख्यतः पडद्याच्या तीन रंगांत काम करतो. म्हणून चित्र इंकस्केपमध्ये काढले, तरी छपाईची पीडीएफ स्क्राइबसमधून काढावी. पहिल्या वेळी एकच पान छापून रंग पाहून घ्यावेत आणि मगच पाचशे प्रती सांगाव्यात.

विश्वस्त आणि पालकांना विनंती

सगळ्या यंत्रांवर एकदम बदल करावा असे आमचे म्हणणे नाही. एक यंत्र जुन्या विंडोजसह, इंटरनेटपासून दूर, फक्त जुन्या फाइली उघडण्यासाठी राखून ठेवावे. बाकीच्यांवर लिनक्स घालावे. परवान्यावर वाचलेल्या पैशातून एक स्कॅनर घ्यावा, कारण ज्या स्मरणिकांच्या फाइलीच उरल्या नाहीत, त्यांचे छापील अंक अजून कोणाकोणाच्या कपाटात आहेत. आणि छपाईचे काम बाहेर देताना, छापील प्रतींबरोबर युनिकोडमधला मजकूरही शाळेला मिळावा, ही अट लेखी घालावी.

आपल्या कितीतरी घरांत पणजोबांच्या हातची मोडी कागदपत्रे ट्रंकेत पडून आहेत. शिंद्यांच्या काळापासून माळव्यात आलेल्या मंडळींचे हिशेब, पत्रे आणि वाटणीपत्रे मोडीत लिहिली गेली. भाषा मराठीच आहे. कागदही बरा आहे. वाचणारा मात्र घरात राहिलेला नाही, म्हणून आपल्याच पणजोबांचे म्हणणे आपल्याला कळत नाही. ते व्हायला दोन-तीन पिढ्या लागल्या. संगणकाच्या फाइलींना इतका अवकाश मिळत नाही. वीस-पंचवीस वर्षांतच त्या मुक्या होतात. त्यांत देणगीदारांची नावे आहेत, निवृत्त शिक्षकांच्या आठवणी आहेत, आणि आज आई-बाबा झालेल्यांनी सहावीत लिहिलेल्या कविताही आहेत. फाँट ओळखणारे आणि ती पाने लावणारे हात अजून आपल्यात आहेत, तोवर हे काम करून घेऊ या.

स्वाध्याय

१. तुमच्या घरच्या संगणकात कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे? तिची आवृत्ती कोणती, ते शोधून वहीत लिहा.

२. एकाच यंत्रावर दोन सिस्टिम ठेवणे आणि संगणकात संगणक चालवणे, यांतील दोन फरक सांगा.

३. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे शब्द युनिकोडमध्ये टंका. दोन्हींचे अर्थ लिहा आणि कोणत्या कळा वेगळ्या दाबल्या ते नोंदवा.

४. एकच परिच्छेद दोन वेगळ्या युनिकोड फाँटांत लावून पाहा. ओळींची संख्या बदलली का? का बदलली असेल?

५. वेधशाळेत जाऊन सम्राट यंत्रावरची वेळ आणि तुमच्या घड्याळातली वेळ एकाच क्षणी टिपा. फरक २७ मिनिटांहून कमी-अधिक का आला, ते शिक्षकांना विचारा.

६. घरात शाळेची जुनी स्मरणिका असल्यास तिचे वर्ष आणि पानांची संख्या लिहून आणा. मूळ अंक आणू नका, तो घरीच जपून ठेवा. कोणत्या वर्षांचे अंक कोणाकडे आहेत, याची यादी संगणक-कक्षाच्या फलकावर लावू.